पाचव्या दिवसाची नोंद

बाईंनी पंचवीस वाल सांगितले होते. मी शंभर घेतले. एका वाडग्यात शंभर, असे तीन वाडगे, म्हणजे तीनशे. दाणे जास्त घेतले की निष्कर्ष जास्त भरवशाचा, असं त्याच वर्गात ऐकलं होतं, आणि कुठलीही गोष्ट सांगितल्याच्या चौपट करून दाखवायची मला तेव्हा खोड होती. पंचवीसच घेतले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पाऊणशे वालांकडे आमच्या आईने ढुंकूनही पाहिलं नसतं.

इंटर सायन्सचं वर्ष होतं. गिरगावात रोज सभा, रोज मोर्चा, भिंतीवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा. मुंबई महाराष्ट्रात येणार की नाही, यावरून घराघरात आवाज चढत होते. मी मात्र जीवशास्त्राची जर्नल छातीशी धरून कॉलेजात जात-येत होते, कारण माझा निकाल त्या जर्नलमध्ये होता. वर्षभराचं प्रात्यक्षिकाचं काम पुरं झाल्याची बाईंची सही तिच्यावर पडली, की टर्म मिळायची. टर्म मिळाली तरच परीक्षेला बसता यायचं. आणि वडिलांनी मला समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "परीक्षेला बसलीस तर पुढचं बघू. टर्म गेली, तर मी शीवच्या लोकांना होकार कळवणार. मग रडारड चालायची नाही."

शीवची माणसं वाईट नव्हती. मुलगा बँकेत होता, घर स्वतःचं होतं. पण त्यांनी मला बघायला आल्यावर विचारलेला पहिला प्रश्न होता, कोलंबीची खिचडी येते का. मी नाही म्हटलं. मुलाच्या आई हसून म्हणाल्या, "शिकेल हो, आम्ही शिकवू."

जीवशास्त्राच्या बाई इतक्या हळू बोलायच्या की अख्खा वर्ग पुढे वाकून बसायचा. त्यांचे नियम मोजके होते. नोंद शाईने करायची. खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "काय दिसायला हवं ते पुस्तकात छापलेलं आहे आणि पुस्तक माझ्याकडे आहे. तुम्हाला काय दिसलं ते मला हवंय."

वालाचा प्रयोग घरी करायचा होता. बी रुजायला काय काय लागतं, हा प्रश्न. पहिला वाडगा ओल्या फडक्यावर, उजेडात. दुसरा तसाच, पण अंधारात. तिसऱ्यात उकळून गार केलेलं पाणी, त्यात वाल बुडवायचे आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा पोचू नये. चौदा दिवस रोज एका ठरलेल्या वेळी किती रुजले ते मोजायचं, मोड मापायचे आणि लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. हे मला इतकं आवडलं होतं की मी ते घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगून कुणाला कळणार होतं? पहिला वाडगा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, दुसरा फडताळात डब्यांच्या मागे, तिसरा फडताळाच्या वरच्या फळीवर. रोज संध्याकाळी पाच वाजता फूटपट्टी घेऊन तिथे उभी राहायची. आई चहा करता करता बघायची आणि काही विचारायची नाही.

पहिले चार दिवस मी खरोखर मोजलं. वाल पुस्तकाप्रमाणे वागत नव्हते. खिडकीतल्यांपेक्षा फडताळातले आधी रुजले. एका वालाला मोड आला आणि दुसऱ्या दिवशी काळा पडून गळून गेला. सगळ्यात वाईट म्हणजे चौथ्या दिवशी तिसऱ्या वाडग्यात पाच वाल रुजलेले दिसले. तेलाखाली. तिथे एकही रुजायला नको होता. मला चीडच आली, पण बाईंचा नियम आठवून मी निमूटपणे लिहिलं: तिसरा वाडगा, पाच.

त्याच रात्री शहर पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. लालबागचा मामा आपल्या मिलच्या ऑफिसातल्या दोघांना घेऊन आमच्या भागातल्या सभेला आला होता. तिघेही अश्रुधुराने लाल झालेले डोळे चोळत आमच्याकडे येऊन थडकले आणि अडकून पडले. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला की सगळे बोलता बोलता गप्प व्हायचे. बाजार आधीच दोन दिवस बंद होता. आईने पाहुण्यांना त्या रात्री पिठलंभात वाढला. माहेरचा माणूस, बरोबर परके दोघे, आणि पानात भाजी नाही, हे तिला किती लागलं होतं ते तिच्या भांडी आपटण्यावरून कळत होतं.

शुक्रवारी दुपारी पानं मांडली आणि बिरडं आलं. नारळाचं दूध घातलेलं, बटाटे टाकून वाढवलेलं, वर कोथिंबीर नव्हती एवढंच. तीन दिवसांनी घराला खमंग वास आला होता. मी दोनदा वाढून घेतलं. मामा म्हणाला, "ताई, अगो कर्फ्यूत वाल कुठून काढलेस?"

आई वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघून इतकी छान हसली, की तसं ती माझ्याकडे बघून कधी हसल्याचं मला आठवत नव्हतं. "अरे, हिने भिजत घातले होते. बाजार बंद होणार हे पोरीने बरोबर ओळखलंन. एक नाही, तीन वाडगे. मी मेली उगाच म्हणते हिचं स्वयंपाकघरात लक्ष नसतं."

घास माझ्या तोंडात होता. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "वा, सुगरण आहे हो तुमची लेक." मी तो घास गिळला. उठून फडताळ उघडलं नाही, कारण भांड्यांच्या फळीवर तीन वाडगे स्वच्छ घासून पालथे घातलेले बसल्या जागेवरून दिसत होते.

नंतर आत जाऊन मी तिच्यावर जे तोंडसुख घेतलं ते इथे लिहीत नाही. मला आज त्याची लाज वाटते. दबक्या आवाजात, बाहेर पाहुणे होते म्हणून. तुला काही कळत नाही, हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. ती पदराला हात पुसत उभी राहिली. "मला काय माहीत, बाळ. आपल्याकडे वालाला मोड आले म्हणजे…" एवढंच म्हणाली. तेही खरंच होतं. आमच्या जातीत मोड आलेले वाल शिजायलाच असतात. त्यांचं आणखी काही होऊ शकतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं आणि मी ते जपून ठेवलं होतं.

नव्याने सुरू करायला वेळ नव्हता. कॉलेज उघडेल तेव्हा जर्नल द्यायची होती आणि कॉलेज कधीही उघडलं असतं. मी पुस्तक घेतलं आणि उरलेले दहा दिवस दोन बैठकांत लिहून टाकले. उजेडातले हिरवे, आखूड, दणकट. अंधारातले लांब, पिवळे. तेलाखालचे शून्य, शून्य, शून्य. मोडांची लांबी इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. रोजची शाई वेगळी दिसावी म्हणून दौतीत थेंब थेंब पाणी घालत गेले. आकृत्या तर इतक्या सुंदर आल्या, की खऱ्या चार दिवसांच्या आकृत्या त्यांच्यापुढे गचाळ दिसू लागल्या.

दहा दिवसांनी कॉलेज उघडलं, त्या दिवशी बाईंनी जर्नली गोळा केल्या आणि दुपारी मला बोलावलं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. माझी जर्नल त्यांच्या समोर उघडी होती.

"चौथ्या दिवशी तिसऱ्या वाडग्यात पाच वाल रुजले," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी शून्य. रुजलेले वाल परत मिटले का?"

मी पानावरच्या त्या पाचाकडे बघत राहिले.

"पहिले चार दिवस तुझे वाल फार हट्टी आहेत. वाटेल तसे वागतायत. पाचव्या दिवसापासून एकदम शहाणे झाले. शुक्रवारी काय झालं?"

"काही नाही, बाई. ते पाच मी चुकून लिहिले असतील."

माझ्या सगळ्या प्रयोगात तीच गोष्ट मला सगळ्यात अनपेक्षित दिसली होती आणि मी तिच्यावरच पाणी सोडलं. बाईंनी जर्नल मिटली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी अकराला तिन्ही वाडगे घेऊन ये. चौदा दिवसांची रोपं मला बघायची आहेत. टर्मच्या याद्या उद्या दुपारी जातात."

घरी येताना रस्ता कसा सरला ते कळलं नाही. चौदा दिवसांची वालाची रोपं एका रात्रीत कुठून आणायची? खोताच्या वाडीत एका घरासमोर कुंडीत वेल चढवलेला पाहिला होता, तिथेसुद्धा जाऊन आले. तो वालाचा नव्हता. शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी रडले आणि आईला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे टर्म, शीव आणि वाडगे. दहा दिवसांचं लिहिणं सांगितलं नाही.

"मी येते उद्या," आई म्हणाली. "माझ्या हातून झालंय, मी सांगते तुझ्या बाईंना."

ती खरं सांगणार आणि माझे दहा दिवस खोटे ठरणार. मग मी तिला पढवायला बसले. प्रयोग पुरा झाला, चौदा दिवस भरले, आणि त्यानंतर मांजराने वाडगे सांडले. तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही.

"आपल्याकडे मांजर कुठेय?"

"शेजारचं म्हण."

ती तांदूळ निवडत राहिली. मी तो होकार धरला. वडील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि त्यांना काही ऐकू गेलं नाही.

सकाळी आई इस्त्रीचं लुगडं नेसून तयार होती. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, कॉलेजची पायरी तिने कधी चढलेली नव्हती. आम्ही निघालो तेव्हा दुकानं उघडी होती. नाक्याशी पोचेपर्यंत पलीकडच्या गल्लीतून घोषणा आल्या आणि लगेच फळ्या धडाधड पडू लागल्या. माणसं आमच्या दिशेने पळत आली. कुणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा रे, लाठी चालू आहे." आई मला एका जिन्याखाली ओढून घेऊन गेली. कुठेतरी बाटली फुटली. मग डोळ्यांना झोंबायला लागलं. जिन्याखाली नळ होता, आईने पदराचं टोक भिजवून माझ्या डोळ्यांवर धरलं, स्वतःच्या नाही. पावणेअकरा झाले होते.

"परत जाऊया," मी म्हटलं. मला खरोखरच परत जायचं होतं. दंगल झाली म्हणून येता आलं नाही, हे मांजरापेक्षा चांगलं कारण होतं.

"याद्या आज जातात म्हणालीस ना," आई म्हणाली. पळापळ ओसरली तशी तिने माझं मनगट धरलं आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली. रस्त्यात चपला पडल्या होत्या. एका पोलिसाने काठी आडवी धरून विचारलं, कुठे निघालात. आई म्हणाली, "पोरीचं परीक्षेचं काम आहे." त्याने माझ्या हातातल्या वह्यांकडे बघितलं आणि काठी खाली केली.

प्रयोगशाळेत बाई एकट्याच होत्या. त्यांनी आईला स्टूल दिलं. ते उंच होतं, आई कशीबशी टेकली. मी मागे उभी होते.

"वाडगे?" बाईंनी विचारलं.

"घासून ठेवलेत," आई म्हणाली. "वाल मी शिजवले, बाई. बिरडं केलं. घरात पाहुणे होते, बाजार बंद होता. हिने ते अभ्यासाचे म्हणून ठेवले होते ते मला माहीत नव्हतं."

"कधी?"

"शुक्रवारी. कर्फ्यूतला."

बाईंनी जर्नल उघडली, पाचव्या दिवसाचं पान काढलं, वार वाचला. मग एकेक पान उलटत चौदाव्या दिवसापर्यंत गेल्या. माझ्या सुंदर आकृत्या. टर्म गेली, हे मला तेव्हा पक्कं कळलं. मी आईच्या हातात दिलेलं एकमेव मांजर तिने सोडून दिलं होतं, आणि मला तिचा इतका राग आला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"तिन्ही वाडगे एकत्र सोललेत की वेगवेगळे?" बाईंनी विचारलं.

"वेगवेगळे. एकसारखे नव्हते ना ते."

बाईंनी पेन उघडलं. "म्हणजे कसे?"

आई आधी बिचकली. मग बोलायला लागली, आणि थोड्या वेळाने ती कुठे बसली आहे हे विसरली. खिडकीतल्यांचे मोड आखूड आणि जाड, टोकाशी किंचित हिरवट. फडताळातल्यांचे लांब, पांढरे, सोलताना तुटत होते. गणंग दोन्हीकडे निघाले, फडताळात जास्त. गणंग म्हणजे जे भिजतच नाहीत, दगडासारखे राहतात, तेही तिने बाईंना समजावून सांगितलं. तिसऱ्या वाडग्यातले फुगले होते, पण वास मारत होते, म्हणून फेकले. "पण त्यातल्याही थोड्यांना मोड होते हां. एका बाजूच्याच."

बाईंचं पेन थांबलं. "एका बाजूच्या?"

"ती वरची फळी भिंतीकडे उतरती आहे. मी तिथे कधी भरलेलं भांडं ठेवत नाही. वाडगा कलला होता, तर अलीकडचे वाल पाण्याच्या वर आले होते. हिचं तेल सगळं पलीकडे जमलेलं. मला वाटलं मुंग्या येऊ नयेत म्हणून घातलंय."

माझे पाच वाल. मी रोज संध्याकाळी पाच वाजता फूटपट्टी घेऊन त्या फळीसमोर उभी राहत होते.

"गणंग किती निघाले?" बाईंनी विचारलं.

"अर्धी वाटी असतील."

"आकडा?"

"मोजले नाहीत," आई म्हणाली. मग बाई थांबल्यात असं बघून तिने पुन्हा सांगितलं, "मोजलेच नाहीत, तर आकडा कसा सांगू?"

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांनी पाचव्या दिवसाच्या माझ्या नोंदीवर एक रेघ मारली आणि खाली आईचं सांगणं इंग्रजीत उतरवलं. गणंग हा शब्द तेवढा देवनागरीत लिहिला. निरीक्षण कुणाचं, त्या जागी त्यांनी लिहिलं, विद्यार्थिनीची आई. मग पेन माझ्यापुढे केलं. उरलेल्या नऊ दिवसांवर मी माझ्या हाताने रेघा मारल्या, एकेक, खालचं वाचता येईल अशा, आणि प्रत्येकीशेजारी सही केली. त्यांनी प्रयोगाला अपूर्ण असा शेरा दिला, दहापैकी तीन गुण दिले, आणि जर्नलच्या शेवटच्या पानावर सही केली. ती सही मी तीनदा वाचली.

"परीक्षेत बाहेरचे परीक्षक ही पानं बघतील," बाई म्हणाल्या. "विचारतील. तेव्हा सांगता येईल ना?"

मी हो म्हटलं.

परतताना दुकानं अजून बंद होती, पण पोलीस निवांत बसले होते. मी तिच्या शेजारून चालत होते, जर्नल हातात होती, टर्म मिळाली होती, शीव टळलं होतं, आणि मला तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"त्या नऊ दिवसांचं तू काय लिहिलं होतंस?" तिने विचारलं. "वाल तर आपण खाल्ले होते."

"मनाने लिहिलं."

ती थोडी पुढे चालत गेली.

"आणि शुक्रवारचंसुद्धा मनाने?"

"हो."

"शुक्रवारचं तरी मला विचारायचंस ना," आई म्हणाली. "मी बघितले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही. तिला बोल लावायला मला एक क्षण लागला नव्हता. तिला विचारावं, हे मला दहा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. रस्त्यात माणसं होती तरी मी रडायला लागले. तिने पदराचं तेच ओलं टोक पुढे केलं आणि म्हणाली, धूर अजून आहे वाटतं हवेत.